वजनमर्यादा: एक खडक, दोन माणसं

निरोपसमारंभात माणसानं जितकं कमी बोलावं तितकं त्याच्या घरच्यांना बरं. आमच्या ह्यांची सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली. लिफ्टमध्ये शिरल्यावर समोर जी पाटी दिसते ना, अमुक माणसं, अमुक किलो, ती पाटी ह्यांच्या सहीशिवाय लागत नसे. बोलणंही लिफ्टसारखंच. बटण दाबलं तर बोलायचं, आणि एका मजल्यावर थांबायचं. असा माणूस त्या दिवशी हातात पुष्पगुच्छ घेऊन माईकसमोर उभा राहिला आणि बावरला. ‘साहेब, आता वेळ कसा घालवणार?’ असं कुणीतरी विचारल्यावर बोलून गेला, “आता काय, निवांत समुद्रावर जाईन. मासे धरीन.”

ह्यांना मासा फक्त ताटात ओळखू येतो. तोही शेपूट असेल तर.

पण टाळ्या पडल्या. आणि ऑफिसनं वर्गणी काढून ह्यांना मासे धरायची काठी भेट दिली. खडकांवरून लांब समुद्रात गळ फेकायची असते, तसली खास लांब. खरं तर ती दोन तुकड्यांत होती. फोटोसाठी कुणीतरी हौसेनं जोडली आणि मग सुटेना. साबण लावून झाला, तेल लावून झालं, दोघं दोन टोकांना धरून रस्सीखेच खेळून झाली. शेवटी ती स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हॉलच्या कपाटापर्यंत तिरकी टेकवून ठेवली. महिनाभर आम्ही आमच्याच घरात वाकून फिरत होतो. आलेल्या प्रत्येकाला वाटायचं, केवढं नम्र कुटुंब.

मी घरात कपडे ऑल्टर करून देते. कुणाची पँट उसव, कुणाचा ब्लाउज सैल कर. शिकवलं कुणी नाही, जुने कपडे उसवत उसवत शिकले. हे घरी बसायला लागले आणि माझ्या या साम्राज्यात तपासणी सुरू झाली. माझ्या मशीनच्या स्टुलावर चिठ्ठी लागली, ‘१ व्यक्ती’. मसाल्याच्या फळीवर, ‘कमाल ६ किलो’. एके दिवशी मी पलंगावर बसले तर हे वाकून पलंगाखाली बघत होते. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “काही नाही, वाक बघतोय.” यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. पण रात्रीपर्यंत ती चिठ्ठी काही लागली नाही.

थट्टा बाजूला ठेवून सांगते, माणूस कोमेजत चालला होता. दर आठवड्याला ऑफिसातून टायपिस्टबाईंचा फोन यायचा, तेवढ्यापुरता उजळायचा.

“साहेब, मासे काय म्हणतात?”

पहिल्या फोनला हे म्हणाले, “बरे आहेत.” ते एक वेळ चालून गेलं असतं. दुसऱ्या फोनला म्हणाले, “लागला परवा एक.” तिसऱ्या फोनला त्या माशाला लांबी आली. ज्या माणसानं चार माणसांच्या लिफ्टवर कधी पाच लिहिले नाहीत, बिल्डर घरी मिठाई घेऊन आला तेव्हा त्याला मिठाईसकट जिन्यानं खाली पाठवलं, तो माणूस फोनवर अंगठा आणि करंगळी ताणून मासा मोजून दाखवत होता. फोनवर!

चौथ्या फोनला टायपिस्टबाई म्हणाल्या, “साहेब, आमचं ठरलंय. पुढच्याच्या पुढच्या रविवारी आम्ही सगळे तुमच्याबरोबर समुद्रावर येणार. तुमच्या जागेवर आलेले नवे साहेबसुद्धा येतायत.”

ह्यांनी फोन ठेवला आणि खिशातल्या पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.

“काय हो?”

“खोटी सही केल्यासारखं वाटतंय गं.”

आता यावर बायकोनं काय म्हणावं? ‘सांगून टाका खरं’ असं म्हणायला हवं होतं. पण तो चेहरा बघून माझ्या तोंडून गेलं, “मग खरी करू या. एक तर मासा धरायचाय. जगातली कितीतरी अडाणी माणसं धरतात.”

मोहिमेची सुरुवात अशी झाली.

आमच्या मजल्यावर समोरच्या वहिनी राहतात. त्यांना न येणारी गोष्ट अजून निर्माण व्हायची आहे. वरच्या मजल्यावर काका आहेत, त्यांना सगळी इमारत अनुभवी काका म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘माझा अनुभव असा’ इथून निघतं. बातमी कुणी फोडली माहीत नाही. पण काठी आम्ही जिन्यातून उभी-आडवी करत खाली उतरवत होतो, म्हणजे बातमीला फुटायची गरजच नव्हती.

“माझा अनुभव असा,” काका म्हणाले, “मासा शांततेला येतो.”

“छे! व्हिडिओत बघितलंय मी,” वहिनी म्हणाल्या, “लाट फुटते तिथंच येतो. आणि अनवाणी जा हो, पायाला खडक कळतो.”

“अनवाणी? पाय फाटतील! खडकावर शिंपले असतात धारदार. रबरी चपला घाला.”

“रबरी चपलेवरून तर माझे मामा गेले.”

“समुद्रात?”

“नाही, बाथरूममध्ये. पण चप्पल तीच.”

मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवणारा गृहस्थ तर याहून वरचढ. जगातला सर्वात दुःखी दुकानदार. त्याच्याकडच्या प्रत्येक वस्तूमागे एक दुर्घटना होती. बूट दाखवायचा आणि सुस्कारा टाकायचा, “हे घेतले असते तर आज असते बिचारे.” फुगणारं जाकीट काढलं, त्यावरून मायेनं हात फिरवला, “जाकीट होतं हो त्यांच्याकडे. गाडीत होतं.” आम्ही दोन जाकिटं मुकाट्यानं घेतली. नाही म्हणायची छातीच होईना.

गाडी अडली ती दोरीवर. गळाला जी बारीक चिवट तंगूसची दोरी लागते, त्याबद्दल दुकानदार म्हणाला, “मूळ दोरी मध्यम घ्या. पण शिशाचं वजन मात्र त्याहून बारीक दोऱ्यानं बांधा. वजन खडकात अडकणारच. मग तेवढाच दोरा तुटतो, बाकी सगळं परत येतं.”

ह्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी देवाला नावं ठेवली.

“तुटायला हवा? दोर तुटायला हवा?”

“हो साहेब. तो मुद्दाम कच्चा.”

“जेवढं वजन उचलायचंय त्याच्या बारापट दोर मजबूत हवा. मी असतो तर तुमचं दुकान सील केलं असतं.”

दुकानदारानं सुस्कारा टाकला आणि आतून एक रीळ आणलं. ती दोरी बघून मला वाटलं, हिला आपली इमारत बांधून ठेवता येईल. ह्यांनी ती ओढून बघितली, दातानं चावून बघितली आणि महिनाभरात पहिल्यांदा समाधानानं मान डोलावली. ती मान बघून मीही गप्प बसले. माणूस डोलतोय ना, डोलू दे. संसारात अशा किती दोऱ्या आपण चालवून घेतो.

बुटांच्या बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. तळव्याला जाड नमदा, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीचं कापड, लावलेले बूट शेवाळावर घसरत नाहीत, असं दुकानदार म्हणाला होता. किंमत ऐकून मी म्हटलं, नमदा तर माझ्या इस्त्रीच्या टेबलावर आहे. घरी आले, टेबल सोलून काढलं आणि दोघांच्या जुन्या बुटांना दाभणानं नमद्याचे तळवे शिवले. मग चाचणी. आमच्या इमारतीच्या मागे पाण्याची टाकी वाहते, तिथं फरशीवर हिरवंगार शेवाळ आहे. इमारतीच्या प्रत्येक सभेत तो विषय निघतो आणि प्रत्येक सभेनंतर ते थोडं वाढतं.

मी बूट घालून शेवाळावर उभी राहिले. चालले. वळले. अगदी चिकटून!

“बघा,” मी म्हटलं, आणि दाखवायला म्हणून ऐटीत मागे पाऊल टाकलं.

मी बसले. ठरवून नव्हे.

नमद्याचा दोष नव्हता. मागच्या बाजूला शेवाळ नव्हतं, मोकळी, गुळगुळीत ओली फरशी होती, आणि मी बघितलं नव्हतं. अनुभवी काका धावत मदतीला आले. ते रबरी चपलेत होते. तेही माझ्याशेजारी येऊन बसले. वहिनी बाल्कनीतून ओरडल्या, “मी म्हटलं होतं, अनवाणी!” दोन सुशिक्षित प्रौढ माणसं टाकीच्या पाण्यात शेजारी शेजारी बसली होती आणि हे आमच्याकडे अशा नजरेनं बघत होते की मला वाटलं, लागणार आता पाटी. पण हे म्हणाले, “पाय ठेवायच्या आधी जागा बघायची. मागे जातानासुद्धा बघायची.” आणि ते वाक्य पुटपुटत घरात गेले. आधी मला कुणीतरी उचलावं, असं त्या वेळी माझं मत होतं.

मग गळ फेकायचा सराव. तो गच्चीवर. गळाचा आकडा काढून टाकला आणि नुसतं शिसं बांधलं. मी काठी खांद्यावरून मागे नेली आणि सोडली. शिसं सुंदर गेलं, चांगलं चारचौघांत सांगण्यासारखं गेलं, आणि शेजारच्या गच्चीवरच्या दोरीला गुंडाळलं. ओढलं तर काहीतरी यायला लागलं. हवेतून तरंगत, वाऱ्यानं फुगत, शेजारच्या इमारतीतल्या डॉक्टरांचा पायजमा आमच्याकडे निघाला होता. खाली रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. मी पायजमा धुऊन, इस्त्री करून परत केला. इस्त्री टेबलाशिवाय केली, हे लक्षात घ्या. डॉक्टरांनी तो दारातूनच, दोन बोटांत धरून घेतला. त्यांची बायको अजून मला रस्त्यात वाट देते, जरा जास्तच देते.

एवढं झाल्यावर कळलं की परवाना लागतो.

परवान्याच्या खिडकीतला कारकून फॉर्म बघून म्हणाला, “बोटीचं नाव लिहिलं नाही.”

“बोट नाही,” मी म्हटलं.

“मग मासे कुठून धरणार?”

“खडकावरून.”

“खडक कुणाचा आहे?”

“कुणाचाच नाही. समुद्रात आहे.”

“मग समुद्रात जाणार कशानं? बोटीनंच ना? बोटीचं नाव लिहा.”

माझा पारा चढायला लागला होता. पण ह्यांच्याकडे बघते तर काय, ह्यांचे डोळे भरून आलेले. “किती काटेकोर माणूस आहे गं,” हे माझ्या कानात म्हणाले. खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकाच जातकुळीची माणसं होती. मोकळी जागा सोडून चालणार नाही असं कारकुनानं बजावल्यावर ह्यांनी त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘लागू नाही’ असं लिहिलं. परवाना आला. बोटीचं नाव: लागू नाही. त्या दिवसापासून सरकारदरबारी आमच्या मालकीची ‘लागू नाही’ या नावाची एक बोट आहे. तिचा रंग कळवावा, असं परवाच पत्र आलंय.

समुद्रावर आम्ही रविवारच्या आधी तीन-चारदा गेलो. बसमध्ये काठी खिडकीबाहेर काढायला लागायची, म्हणजे प्रत्येक सिग्नलला कुणीतरी तिला देवाची काठी समजून नमस्कार करायचं. पण मासा धरणं बाजूलाच राहिलं. खडकावर पाऊल ठेवायच्या आधी समुद्र नीट बघून घ्यावा, असं दुःखी दुकानदारानं सांगितलं होतं. हे बघायला बसले ते उठेचनात. किती लाटांनंतर मोठी येते, ती कुठवर चढते, कुठला खडक काळा म्हणजे ओला, कुठला पांढुरका म्हणजे कोरडा. भरती लागली तर परतीची वाट कुठं बुडते. मग खडूनं खडकांवर लिहायला लागले: ‘२ व्यक्ती’. ‘१ व्यक्ती, उभ्याने’. ‘वापरात नाही’.

“अहो, गळ टाकायचा ना?”

“तपासणी पूर्ण झालेली नाही.”

भरती यायची आणि खडू धुऊन न्यायची. हे दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचे. मला काळजी रविवारची. ह्यांना मात्र भूक लागायला लागली होती, झोप यायला लागली होती, गालांवर ऊन दिसायला लागलं होतं. एकही मासा न धरता.

रविवार उजाडला. ऑफिस आलं. टायपिस्टबाई टोपी घालून, नवे साहेब चकचकीत चामडी बूट घालून, आणखी चार-पाच जण डबे घेऊन.

“हे बूट चालणार नाहीत,” हे म्हणाले.

“अहो साहेब, ब्रँडेड आहेत.”

“चालणार नाहीत.” नोकरीत होते तेव्हाचा तो आवाज. नवे साहेब निमूट खाली बसले आणि मी पिशवीतून ह्यांचे जुने लोकरी मोजे काढून त्यांच्या चकचकीत बुटांवरून चढवले. ओल्या दगडावर लोकर धरते. तसे ते पुढे सबंध दिवस आजारी बदकासारखे चालत होते, पण एकदाही घसरले नाहीत.

बाकीच्यांना मागच्या कोरड्या खडकावर बसवून, जाकिटं घालून, आम्ही दोघं पुढच्या खडकावर गेलो. शेजारच्या खडकांवर नेहमीची मंडळी गळ टाकून उभी होती. ह्यांनी आमिष लावलं, काठी मागे नेली आणि फेकली. मी मनात म्हटलं, एक. हाताएवढा नको, बोटाएवढा चालेल. पण या माणसाची मान वर राहू दे.

दोरी ताणली. काठी वाकली. आणखी वाकली. पार कमान झाली.

“लागला!” मागून टायपिस्टबाई किंचाळल्या. “साहेबांना लागला!”

“सोडू नका साहेब!” नवे साहेब मोज्यांत नाचत होते. “केवढा असेल हो!”

सगळं ऑफिस उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ओढ जिवंत नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं. शिसं तळाच्या खडकात रुतलं होतं. दोरी बारापट मजबूत, तुटायचं नाव घेईना. त्या क्षणी नुसतं ‘निसटला’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. जगातल्या सगळ्या मासेवाल्यांनी ते म्हटलंय. मीच हळूच म्हटलं, “निसटला म्हणा.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागे, त्या सगळ्यांकडे. म्हणजे मान वळवून, पाठ समुद्राकडे न करता.

“मासा नाही,” हे म्हणाले. “पृथ्वी लागलीय.”

टाळ्या थांबल्या.

“आणि आधीही कधी मासा लागला नव्हता. मी आजपर्यंत एकही धरलेला नाही. फोनवर जे सांगितलं ते खोटं होतं.”

सबंध कारकिर्दीत एवढं लांब भाषण ह्यांनी केलं नव्हतं. मग टायपिस्टबाई फणकारल्या, “वा साहेब! मग रोज जेवायच्या सुट्टीत मी काय सांगत बसले होते सगळ्यांना?”

“मी वीतभर सांगितला होता,” हे अपराध्यासारखे म्हणाले.

“हो ना!” म्हणाल्या. आणि मग जरा खालच्या आवाजात, “हातभर मी केला.”

“माझ्यापर्यंत आला तेव्हा दोन हात होता,” नवे साहेब म्हणाले. “मी माझ्या सासऱ्यांना...” आणि ते मोजे वर ओढायला वाकले.

कोण आधी हसलं ते माहीत नाही. पण हसू पुरतं पसरायच्या आत ह्यांचा आवाज आला.

“मागे!”

समुद्र आत ओढला गेला होता. नेहमी दिसत नाहीत ते खडक उघडे पडत होते.

“सगळे मागे! तोंड समुद्राकडे! पाय बघून! वस्तू सोडा, माणूस धरा!” ह्यांनी काठी तिथंच टाकली, माझा दंड पकडला आणि आम्ही मागे सरकलो. शेजारच्या खडकांवरची मंडळीही का कोण जाणे, हुकूम ऐकल्यासारखी सरकली. लाट आली ती आमच्या खडकावरून सरळ चालत गेली. जिथं आम्ही उभे होतो तिथं काही क्षण खडकच नव्हता.

पाणी उतरलं तेव्हा ऑफिसनं वर्गणी काढून दिलेली काठी समुद्रात होती. पण वाहून गेली नव्हती. दोरीचं एक टोक पृथ्वीला आणि दुसरं काठीला, त्यामुळे ती तिथल्या तिथं, लाटेबरोबर डुलत उभी होती, कुणीतरी झेंडा रोवल्यासारखी.

“दोर तुटला नाही,” हे म्हणाले. आणि हसायला लागले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा, पोट धरून, डोळे पुसत. “बारापट!”

मग दिवस फार छान गेला. डबे उघडले, थर्मासातला चहा शेजारच्या खडकांवरही गेला. ती माणसं आता ह्यांना विचारत होती, “काका, पुढं जाऊ का?” आणि हे समुद्राकडे बघत म्हणत होते, “थांबा. ही जाऊ दे. हं, जा आता. एकानंच जा.”

चहाच्या मोबदल्यात एका मावशींनी त्यांची काठी थोडा वेळ माझ्या हातात दिली. मी फेकली. ह्यावेळी पायजमा आला नाही. मी उभी, शेजारी हे, नजर लाटांवर. आणि दोरीतून काहीतरी बोललं. खरंच बोललं हो. टक्, टक्. मग अशी ओढ, की माझ्या कोपरापर्यंत आली. पृथ्वी अशी ओढत नाही.

“अहो! आहे! जिवंत आहे!”

“मागे सर,” हे शांतपणे म्हणाले.

“अहो पण...”

“मागे.”

मी मागे सरले. पाय बघून, तोंड समुद्राकडे ठेवून. दोरी सैल पडली. लाट आली, माझ्या नमद्याच्या बुटांना शिवून गेली, आणि तोवर मासाही गेला होता.

“लागला होता का हो?” टायपिस्टबाई धावत आल्या. “केवढा होता?”

मी त्यांच्याकडे बघितलं. सगळं ऑफिस बघत होतं. नवे साहेब तर मोजे सावरत पुढं आले होते. मी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हात पसरले. चांगले ऐसपैस पसरले.

ह्यांनी माझा उजवा हात मनगटाशी धरला, सावकाश आत आणला, आणखी आत, बराच आत, बोटभर अंतर उरलं तिथं ठेवला, आणि मग तो हात सोडायचंच विसरून पुन्हा समुद्राकडे बघत राहिले.